हट्टाचे रानपोपट : तीन दिवस, सतराशे फोटो, नऊ बरे

सुप्याची_मैना

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नहून हट्टा-कुल्काइन राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. नवरा, बारा वर्षांचा चिरंजीव आणि मी. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पोपट बघायला पावणेपाचशे किलोमीटर? तुमच्या गॅलरीत तर रोज येतात की!" येतात खरे. आमच्या उपनगरातले रेनबो लॉरिकीट पहाटेपासून नळावरच्या भांडणासारखे बोलत असतात. पण मला हवे होते कोरड्या रानातले. मल्गा पॅरट, रीजंट पॅरट आणि जमलं तर गुलाबी काकाकुवा.

हट्टा म्हणजे व्हिक्टोरिया राज्याचा वायव्य कोपरा, मिल्ड्युराच्या अलीकडे साधारण ७० किलोमीटर. जमीन तांबडी, वाळूची. त्यावर मॅली. निलगिरी म्हटलं की आपल्याला वनखात्याने ओळीत लावलेली सरळसोट झाडं आठवतात. इथली मॅली निलगिरीच, पण जमिनीतल्या एका गड्ड्यातून सात-आठ सोट फुटलेले, उंची फार तर दोन-तीन पुरुष. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी गड्डा पुन्हा फुटतो. आणि या कोरड्या पसाऱ्याच्या मधोमध मरे नदीच्या पुराने भरणारी तळी, त्यांच्या काठावर म्हातारे अवाढव्य रेड गम, म्हणजे निलगिरीचीच एक जात. पाणी आणि रखरखाट असे शेजारीशेजारी असल्यामुळेच इथे इतके पोपट आहेत. रीजंट पॅरट घर करतो काठावरच्या रेड गमच्या ढोलीत आणि चरायला जातो मॅलीत. घर एका पेठेत, दुकान दुसऱ्या पेठेत, रोजची ये-जा.

पहिल्या दिवशी मी फक्त पाठी मोजल्या.

मातीच्या रस्त्याच्या कडेला मल्गाची जोडी बी टिपत होती. मी गाडी थांबवली, हळूच उतरले, दार हळूच लावलं. त्या "हळूच"ला दोघं उडाले. चाळीस पावलांवरच्या झाडात बसले. मी गेले. ते पुढच्या झाडात. असं तासभर. हा पोपट ओरडत नाही, गर्दीने फिरत नाही, बहुतेकदा जोडीनेच दिसतो. आणि नर इतका रंगीत असूनही मॅलीच्या पानोळ्यात शिरला की गायब. उरते ती आपली मान वर आणि तोंडावर माश्या. (माश्यांबद्दल वेगळा धागा काढता येईल. जाळीची टोपी घ्या, लाजू नका.)

साडेनऊनंतर जे काढलं ते सगळं मऊ आलं. आधी भिंगाला शिव्या दिल्या, मग स्वतःच्या हातांना. दोघांचाही दोष नव्हता. वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते. डांबरी रस्त्यावर लांबून दिसणारं मृगजळ आपल्याला ठाऊक असतं, पण तेच मृगजळ ६०० मिलीमीटरच्या भिंगातून बघतोय हे लक्षात येत नाही. चाळीस मीटरवरच्या पोपटाच्या पिसांचा शिरा होतो. कुठलंही महागडं भिंग त्यावर उपाय नाही. जवळ जा, नाहीतर तंबूत जाऊन झोपा.

मी झोपले. आणि पडल्यापडल्या सुपं गाव आठवलं.

माझं माहेर बारामतीकडचं. बुद्ध पौर्णिमेला वनखात्याची पाणवठ्यावरची प्राणीगणना असायची, तेव्हा मामा दोनदा मला मचाणावर घेऊन गेला होता. रात्रभर हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर पदर तोंडात. मामाचं म्हणणं एकच : उन्हाळ्यात जनावराच्या मागे जो फिरतो तो येडा, कारण जनावर पाण्यावर येणारच असतं. आणि मी पोपटामागे उन्हात पळत होते. बी खाणाऱ्या पक्ष्याच्या खाण्यात ओलावा जवळजवळ नसतोच, त्याला पाणी प्यावंच लागतं. हे मला सुप्यात माहीत होतं, व्हिक्टोरियात विसरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तळ्यापासून बाजूला, सुकत आलेलं एक डबकं गाठलं. मोठ्या तळ्याला काठ मैलभर, पक्षी कुठे उतरेल सांगता येत नाही. डबक्याला काठ दहा पावलांचा. काठावरच्या मातीवर पंजांचे ठसे होते, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. ही पोपटाची सही. गाडी अशी लावली की सूर्य पाठीशी येईल आणि आम्ही पाणी व झाडं यांच्या मधे येणार नाही. पक्ष्याला झाडातून थेट पाण्यापर्यंत मोकळी वाट दिसली पाहिजे, नाहीतर तो तहानलेला परत जातो, आणि कोरड्या दिवसात ते पाप आहे. इंजिन बंद, काच अर्धी खाली, खिडकीत तांदळाची पिशवी, तिच्यावर भिंग. (बीन बॅग विकत मिळते. तांदळाची रात्री खिचडी होते.)

सूर्य सव्वासहाला वर आला. आधी आले गाला नावाचे काकाकुवे, राखाडी-गुलाबी, वीसेक, गोंधळ घालत. गाला पाणी पिऊन गेले की बाकीच्यांना धीर येतो असं मला वाटलं, शास्त्र असेल-नसेल. मग सुकलेल्या फांदीवर मल्गाची मादी, मातकट हिरवी, खांद्यावर विटकरी डाग. ती सात मिनिटं नुसती बसली. चिरंजीवाने घड्याळ लावलं होतं. त्यानंतर नर उतरला.

कसा सांगू. सूर्य तिरपा होता, त्यामुळे छातीचा हिरवा नुसता हिरवा नव्हता, आत निळा पेटल्यासारखा दिसत होता. चोचीवर पिवळी पट्टी, जणू कुणी हळदीचं बोट लावलंय. खांद्यावर पिवळा, मानेमागे लाल ठिपका, पोट आणि मांड्या शेंदरी-पिवळ्या. तो काठावर आला, मान डावीकडे, मान उजवीकडे, चोच पाण्यात, वर, चोच पाण्यात, वर. तिसऱ्या वेळेला पाण्यात त्याचंच लाल पोट हललं आणि मी बटण दाबलं.

त्याच क्षणी मागच्या सीटवर चिवड्याचं पाकीट फुटलं.

कोणी फोडलं हे सांगत नाही. तो माणूस हा धागा वाचतो.

पण दोन फ्रेम मिळाल्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या गाडीत चिवडा स्टीलच्या डब्यात असतो.

तिसऱ्या दिवशी गुलाबी काकाकुवा. याला मेजर मिचेल्स कॉकाटू म्हणायचे, मिचेल नावाच्या सर्वेक्षकावरून. बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या पक्षीप्रेमींच्या संस्थेने २०२३ मध्ये ते नाव सोडून पिंक कॉकाटू केलं, आणि त्याच वर्षी त्याच्या पूर्वेकडच्या उपजातीची नोंद राष्ट्रीय यादीत धोक्यातली म्हणून झाली. रस्त्याकडेला जंगली कलिंगडाच्या वेली पसरलेल्या असतात, फळ चेंडूएवढं, चवीला कडूजहर. एक जोडी ती फळं फोडून बिया काढत होती. डाव्या पायात फळाचा तुकडा, उजव्यावर तोल. बहुतेक काकाकुवे डावरेच असतात. बी चोचीत फिरवून साल बाजूला पडायची, आपण सूर्यफुलाच्या बिया सोलतो तशी. त्यांना गाडीचं काहीच वाटलं नाही. पाऊण तास.

गोम तुऱ्याची आहे. बसलेला असताना तुरा मिटलेला, पांढरा, साधा. उघडला की आत लाल-पिवळा-लाल पट्टा. उघडतो कधी? फांदीवर उतरताना, सेकंदभर. हे चिरंजीवाने पकडलं : "आई, तू पक्ष्यावर नको धरू, रिकाम्या फांदीवर धर." मी फांदीवर फोकस लावून बसले, शटर १/२५००, आणि पांढरा करपू नये म्हणून उजेड एक स्टॉप खाली. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा अल्बममधला तिसरा फोटो.

रीजंट पॅरटचे फोटो टाकलेले नाहीत. पिवळाधम्मक नर रोज सकाळी डोक्यावरून जायचा, बाणासारखा. माझ्याकडे त्याच्या शेपटीचे अकरा फोटो आहेत.

---

कोकण्या

पहिला! मस्त लिहिलंय. फोटो दिसत नाहीत.

हिरवा_चाफा

सुंदर. "तांदळाची रात्री खिचडी होते" ला फुटले. मलाही फोटो दिसत नाहीत.

सुप्याची_मैना

अरेच्चा. अल्बमची परवानगी बदलते, थांबा.

निवृत्त_मास्तर

मैनाताई, लेख आवडला. एक शंका. आपण लिहिलंत की तिरप्या उन्हात हिरव्यात "निळा पेटल्यासारखा" दिसला. आमच्या अंगणात येणारा साधा पोपट मात्र सावलीत बसला की शेवाळासारखा दिसतो. हा कॅमेऱ्याचा दोष की डोळ्याचा?

सुप्याची_मैना

मास्तर, दोघांचाही नाही. पोपटाच्या पिसात हिरवा रंग नसतोच म्हणे. पिवळं रंगद्रव्य असतं, जे पोपटाचं शरीर स्वतः तयार करतं आणि दुसऱ्या पक्ष्यांत सापडत नाही. निळा मात्र रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या आतली रचनाच अशी असते की निळा उजेड परत फेकला जातो. पिवळं अधिक निळं, म्हणून आपल्याला हिरवं. सावलीत परत फेकायला उजेडच कमी, मग तो निळा मंदावतो आणि पोपट शेवाळी दिसतो. म्हणून पोपटाला सूर्य आपल्या पाठीशी घेऊनच काढायचा. चिमणीला प्रकाशाविरुद्ध धरलं तर कविता होते, पोपटाला धरलं तर कावळा होतो.

निवृत्त_मास्तर

समजले. वर्गात असे सांगणारे कोणी भेटले नाही. (मीच शिकवायचो.)

ॲलिसवाला_बंडू

मी ॲलिस स्प्रिंग्सला चार वर्षं नोकरीला होतो. मैना, तुझ्या यादीत दोन पोपट कमी आहेत, पुढच्या वेळी मध्य ऑस्ट्रेलियात ये.

पहिला बर्क्स पॅरट. पाठ मातकट तपकिरी, पोट फिकट गुलाबी, जास्वंदीचं फूल दुसऱ्या दिवशी होतं तसं. हा पाण्यावर येतो तोच मुळी अंधारात. संध्याकाळी सगळे पक्षी गेले, तू बॅग भरलीस, की पंखांची फडफड ऐकू येते आणि डबक्याच्या काठावर सावल्या उतरतात. पहाटेही उजाडण्याआधी. मी वर्षभर त्याचे काळे फोटो काढले. शेवटी अक्कल आली : पाण्यावर त्याचा नाद सोडायचा आणि सकाळी आठच्या सुमारास मल्गाच्या झाडांखाली जमिनीवर शोधायचा. (मल्गा हे बाभळीच्या कुळातलं झाड, पण काटा नाही.) तिथे तो बी खात असतो, आणि तुम्ही बसलात तर पाच-सात मीटरवरही दुर्लक्ष करतो. पण पोटावर झोपायची तयारी ठेवा. उभं राहून काढलेला फोटो म्हणजे तपकिरी मातीवर तपकिरी पाठ. झोपलं की गुलाबी दिसतं.

दुसरे बजरीगार. पाऊस चांगला झाला की त्यांचे थवे बांधतात, हजारोंनी. ते पाण्यावर येताना आधी आवाज येतो, लांबून पत्र्यावर पाऊस आल्यासारखा. मग हिरवी चादर वळते, एकदम पिवळी होते, पुन्हा हिरवी. ससाणा आत घुसला की चादरीला भोक पडतं आणि लगेच बुजतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कॅमेरा गळ्यात होता आणि मी एकही फोटो काढला नाही. तोंड उघडं होतं म्हणून एक माशी मात्र गिळली.

आज्जी_डोंबिवली

बजरीगार म्हणजे ते पिंजऱ्यातले छोटे? आमच्या चाळीत सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. निळे, पांढरे, पिवळे असतात. माझ्या नातवाने मागच्या वाढदिवसाला जोडी आणली आहे.

ॲलिसवाला_बंडू

हो आज्जी, तेच. महाराष्ट्रात ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगारच असतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. रानातला बजरीगार फक्त हिरवा-पिवळा. निळा-पांढरा हे माणसाने पैदाशीत काढलेले. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये जिवंत जोडी इंग्लंडला नेली, तिथून जगभर पिंजरे भरले.

आज्जी_डोंबिवली

हजारोंनी उडतात म्हणालास ना. आता मला त्या पिंजऱ्याकडे बघवत नाही. नातवाला काय सांगू?

हिरवा_चाफा

आज्जी, सोडू मात्र नका. इथे बाहेर सोडले तर कावळे-मांजरं दोन दिवसांत संपवतील. मोठा पिंजरा करून द्या, आडवा लांब, उडता येईल असा. देशी पोपट असता तर गोष्ट वेगळी होती, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणंच गुन्हा आहे.

शटरबग_नाशिक

लेख चांगला आहे पण एवढा त्रास कशाला? मोबाईलवर आवाज वाजवायचा, छोटा स्पीकर झुडपात ठेवायचा, अर्ध्या तासात काम. सगळे करतात.

हिरवा_चाफा

सगळे करतात म्हणून तर बोलायचं. सप्टेंबर म्हणजे तिकडे विणीचा हंगाम. ढोलीत अंडी असताना नर तुमच्या स्पीकरशी भांडायला बाहेर येणार, आणि तुम्ही "बिहेवियर शॉट" म्हणून टाकणार?

शटरबग_नाशिक

एक फोटो काढल्याने जात नष्ट होत नाही. उगाच नैतिकतेचे डोस नकोत.

सुप्याची_मैना

शटरबग, आधी व्यवहाराचं सांगते. पोपट हद्द राखायला गात नाहीत, त्यामुळे बुलबुल किंवा दयाळ येतो तसा हा स्पीकरला फारसा येतही नाही. आणि ढोल्यांचं म्हणाल तर मॅलीत किंवा रेड गममध्ये पोपट शिरेल एवढी ढोली व्हायला झाड फार जुनं व्हावं लागतं, शंभर वर्षं वगैरे सहज. एका झाडावर चार गिऱ्हाइकं टपलेली असतात. आई-बाप ढोलीपासून अर्धा तास लांब राहिले तर ते महागात पडू शकतं. मी ढोलीचा एकही फोटो काढला नाही आणि जागा कुठली तेही लिहिलेलं नाही. फोटोतली जीपीएसची माहितीसुद्धा पुसूनच टाकली आहे.

ही माझी सोवळेगिरी नाही, तिकडे रीतच आहे. नाइट पॅरट हा तिथला सगळ्यात गूढ पोपट. कितीतरी दशकं जिवंत असा पक्का कुणी दाखवलाच नव्हता. १९९० ला रस्त्याकडेला एक मेलेला मिळाला, २००६ ला आणखी एक. २०१३ मध्ये पश्चिम क्वीन्सलँडमध्ये जिवंत पक्ष्याचे पहिले फोटो निघाले, आणि जागा जाणूनबुजून गुप्त ठेवली.

शटरबग_नाशिक

नाइट पॅरटचं माहीत नव्हतं. ठीक, मुद्दा घेतला. पण मग आपल्याकडे हाईडमध्ये (फोटोसाठी लपून बसायच्या आडोशात) पैसे भरून बसतो, समोर धान्य टाकलेलं असतं, पाण्याची कुंडी केलेली असते, ते चालतं का?

सुप्याची_मैना

इथे मी अडकते. मीही अशा हाईडमधून तुईया पोपटाचे फोटो काढलेत आणि भिंतीवर लावलेत. कुंडीबद्दल फार वाईट वाटत नाही, धान्याबद्दल वाटतं. राष्ट्रीय उद्यानात तर खायला घालायला बंदीच आहे.

कोकण्या

फोटो अजून दिसत नाहीत.

अडलेडची_सून

आमच्या बाजूला ग्लूपॉट आहे, साउथ ऑस्ट्रेलियात, वायकेरी गावाच्या उत्तरेला साठहून जास्त किलोमीटर, सगळा मातीचा रस्ता. पूर्वीची मेंढ्यांची जमीन. १९९७ मध्ये पक्षीप्रेमींच्या संस्थेने, म्हणजे आताच्या बर्डलाइफ ऑस्ट्रेलियाने, विकत घेतली. पन्नास हजार हेक्टरच्या वर आहे आणि सांभाळतात सगळे स्वयंसेवक. तिथे पाण्याच्या कुंड्यांसमोर बसायला हाईड आहेत. मल्गा पॅरट मला तिथे मिळाला, भर दुपारी. पाणी आणि पेट्रोल बरोबर न्या, आत दुकान नाही. पाऊस पडला तर जायचं नाही, चाक रुततं.

आणि व्हिक्टोरियाकडून येणाऱ्यांनो, सीमेवर फळं-भाज्या टाकाव्या लागतात. फळमाशीमुळे. आम्ही आईने दिलेले डझनभर लिंबं तिथल्या डब्यात टाकली, आई अजून बोलते.

पर्थकर

आमच्याकडचा रिंगनेक म्हणजे "ट्वेंटी-एट". खरंच हेच नाव आहे, कारण तो ओरडतो तसा. हिरवा अंग, काळं डोकं, गळ्यात पिवळी रिंग. फोटो काढायचा तर काहीच करायचं नाही, मागच्या अंगणात बदामाचं झाड लावायचं आणि बदाम खायची आशा सोडायची.

प्रवासी_पक्षी_७

ताई, आम्ही जानेवारीत मेलबर्नला येतोय मुलीकडे. हट्टाला जाऊ का? भाड्याची छोटी गाडी चालेल?

सुप्याची_मैना

काका, जानेवारीत नका जाऊ. पारा चाळिशीच्या वर जातो आणि वणव्याच्या धोक्याच्या दिवशी उद्यान बंद असू शकतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर किंवा एप्रिल-मे बरं. तळ्याकाठच्या मुक्कामापर्यंत छोटी गाडी जाते, पण आतले बरेच रस्ते वाळूचे आहेत, तिथे नेऊ नका. मुक्कामाची जागा आधी राखून ठेवा. माणशी रोज पाच लिटर पाणी धरा. आणि सूर्यास्तानंतर हायवेला गाडी नको, कांगारू आडवे येतात. आम्हाला एक आला होता, नवऱ्याने ब्रेक दाबला आणि माझं भिंग सीटवरून खाली गेलं. भिंग वाचलं, फिल्टर फुटला. भिंग बदलायचं तर तेही गाडीच्या आत, काचा लावून. मी बाहेर वाऱ्यात बदललं आणि पहिल्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत आकाशात तीन ठिपके आहेत.

जाताना ओयन गाव लागेल. व्हॅनिला स्लाइससाठी प्रसिद्ध आहे, बेकरीत थांबा.

निवृत्त_मास्तर

ठिपके पोपटाचे नव्हेत ना?

सुप्याची_मैना

तांबड्या मातीचे, मास्तर. अल्बमची परवानगी आता बदलली आहे, बघा बरं सगळ्यांनी.

कोकण्या

दिसले! दुसरा भन्नाट, पाण्यातलं लाल पोट काय दिसतंय. तिसऱ्याला फ्रेम करा. पण मैनाताई, सहाव्या फोटोत पोपट सापडत नाहीये. मागच्या सीटवर एक गृहस्थ आहेत आणि हातात चिवड्याचं पाकीट आहे.